सनी रॉलिन्स पुलावर का गेला?

तुम्ही विचारलंय की १९५९ सालच्या उन्हाळ्यात, सगळीकडे नाव झालेलं असताना, अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सने कार्यक्रम करणं का थांबवलं आणि पुढची दोन वर्षं तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच का वाजवत राहिला. तुमच्या कानावर आलेली तीन कारणंही तुम्ही लिहिली आहेत: त्याच्याच काळातला टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन पुढे निघून गेला म्हणून, सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकट मोडणाऱ्या संगीताने हादरला म्हणून, किंवा पुन्हा हेरॉइनकडे वळला म्हणून. शेवटी विचारलंय की शिकणाऱ्याने असं करावं का. मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो, शिकवतो आणि या माणसाचं वादन आयुष्यभर ऐकत आलोय. हे प्रश्न मला विद्यार्थीही वारंवार विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखा बघू, निम्मा गुंता तिथेच सुटतो. रॉलिन्स थांबला उन्हाळ्यात. ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवायला उभा राहिला आणि सगळ्या शहरात वादंग माजला तो नोव्हेंबर १९५९ मध्ये. तोवर रॉलिन्सने मंच सोडून काही महिने झाले होते. कोल्ट्रेनचंही तसंच. त्याच्या ज्या 'जायंट स्टेप्स' या तबकडीने भल्याभल्या टेनरवाल्यांची झोप उडवली, त्याचं ध्वनिमुद्रण मे १९५९ मध्ये सुरू झालं खरं, पण तबकडी बाजारात आली १९६० साली. जी तबकडी अजून कोणी विकत घेतलेली नव्हती तिला घाबरून कोणी पळालं, असं म्हणता येत नाही.

कोल्ट्रेन मागच्या काही वर्षांत झपाट्याने वाढत होता आणि रॉलिन्सला ते दिसत होतं, यात शंका नाही. दोघांनी मे १९५६ मध्ये एकत्र वाजवलेलं 'टेनर मॅडनेस' आजही ऐकायला मिळतं. मैत्री होती, एकमेकांबद्दल आदर होता, कोल्ट्रेनने तर 'लाइक सनी' नावाची रचनाच केली. समोर असा सोबती असला की आपणही घासून घ्यायला हवं असं कोणालाही वाटेल. पण ही भीती नव्हे. आणि ऑर्नेटबद्दलची शंका तर रॉलिन्सने परत आल्यावर स्वतःच निकालात काढली. १९६२ साली त्याने ऑर्नेटच्या बँडमधला कॉर्नेटवादक डॉन चेरी आणि ड्रमवादक बिली हिगिन्स यांनाच सोबत घेतलं आणि 'अवर मॅन इन जॅझ' ही तबकडी केली. ज्या संगीताची धास्ती असते, त्यातली माणसं कोणी आपल्या शेजारी उभी करत नाही.

आता हेरॉइन. हा भाग मला जपून सांगावासा वाटतो, कारण रॉलिन्सच्या बाबतीत लोक इथे सर्वांत जास्त अन्याय करतात. व्यसन होतं, गंभीर होतं. १९५० साली सशस्त्र लुटीच्या आरोपाखाली तो पकडला गेला आणि रायकर्स आयलंडच्या तुरुंगात महिनोन्‌महिने राहिला. पुढे पॅरोलच्या अटी मोडल्या म्हणून पुन्हा आत गेला. जानेवारी १९५३ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका ध्वनिमुद्रणाला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आला होता. पार्कर म्हणजे या सगळ्या पोरांचा देव, आणि त्याच्याकडे बघूनच अर्धी पिढी हेरॉइनच्या नादी लागली होती. पार्करने रॉलिन्सकडे चौकशी केली आणि रॉलिन्सने आपण सोडलंय असं सांगितलं. ते खोटं होतं. थोड्याच वेळात दुसऱ्या कोणाच्या बोलण्यातून पार्करला ते कळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रॉलिन्सला कायम लागून राहिलं. १९५५ साली तो आपण होऊन केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचारासाठी दाखल झाला. बरं होऊन पार्करसमोर उभं राहायचं, ही त्याची इच्छा होती. तो तिथे असतानाच, मार्च १९५५ मध्ये, पार्कर गेला.

तिथून बाहेर पडल्यावर तो लगेच न्यूयॉर्कला परतला नाही. शिकागोत राहिला, झाडलोटीची कामं केली, जुन्या सवयीची माणसं क्लबात भेटत तेव्हा नाही म्हणायला शिकला. त्या वर्षाच्या अखेरीला तो क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये गेला. क्लिफर्ड ब्राउन हा ट्रम्पेटवादक व्यसनापासून पूर्ण लांब राहणारा आणि थक्क करणारं वाजवणारा. स्वच्छ राहूनही असं वाजवता येतं, हे रॉलिन्सने रोज शेजारी उभं राहून पाहिलं. जून १९५६ मध्ये ब्राउन मोटार अपघातात गेला. पण रॉलिन्स पुन्हा हेरॉइनकडे वळला नाही. १९५९ ला थांबलेला माणूस व्यसनातून चार वर्षं बाहेर होता, आणि हे विसरून कोणी 'परत सुरू झालं असेल' म्हणतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

मग खरं कारण काय? ते त्याने स्वतः पुढच्या अनेक दशकांत मुलाखतींतून सांगितलंय, आणि दर वेळी तेच सांगितलंय: नाव वादनाच्या पुढे गेलं होतं. वय होतं २८. लोक नावावर तिकिटं काढत होते, आणि त्याच्या स्वतःच्या कानाला माहीत होतं की काही गोष्टी कच्च्या आहेत. बाल्टिमोरमधल्या एका कार्यक्रमाची आठवण तो सांगत असे. एल्विन जोन्ससारखा ड्रमवादक सोबतीला, लोक मोठ्या अपेक्षेने आलेले, आणि आपण त्यांना द्यायला हवं होतं ते दिलं नाही ही टोचणी घेऊन तो मंचावरून उतरला. ऐकणाऱ्यांना त्या रात्री उणीव जाणवली असेलच असं नाही. त्याला जाणवली.

या टोचणीला दोन गोष्टींनी धार आणली असं मला वाटतं. पहिली म्हणजे त्याने निवडलेली मांडणी. १९५७ पासून तो अनेकदा पियानो न घेता, फक्त बास आणि ड्रम्सच्या साथीने वाजवत होता. पियानो असला की गाण्याच्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, कोणीतरी खाली अंथरून देतो, तुम्ही दोन घटका थांबलात तरी गाणं उभं राहतं. पियानो काढून टाकला की कॉर्ड्स तुम्हीच तुमच्या एकेरी सुरांतून ऐकवायच्या. श्वास घ्यायला थांबलात तर ती शांतताही तुमच्याच हिशोबात धरली जाते. मी स्वतः त्रिकुटात वाजवतो तेव्हा तासाभरात ओठ थकतात, आणि त्याहून जास्त डोकं थकतं. हा माणूस हे रात्रीमागून रात्री, दर वेळी नवं सुचायलाच हवं या हट्टाने करत होता.

दुसरी गोष्ट विचित्र आहे, पण वादकाला लगेच पटेल. नोव्हेंबर १९५८ मध्ये गुंथर शुलर या संगीतकार-समीक्षकाने रॉलिन्सच्या एका एकल वादनाचं बारीक विश्लेषण प्रसिद्ध केलं. छोट्या स्वरवाक्यातून रॉलिन्स अख्खी इमारत कशी उभी करतो, हे त्यात स्वरलेखनासकट दाखवलं होतं. लेख स्तुतीचाच होता. पण जे आपण न ठरवता करत होतो ते कागदावर मांडलेलं वाचल्यावर रॉलिन्स वाजवताना स्वतःकडे बघायला लागला. त्यानंतर त्याने आपल्याबद्दलचं लेखन वाचणं टाळलं. उत्स्फूर्त वाजवणाऱ्याला हाताच्या हालचालीची जाणीव करून दिली की हात अडखळतो. मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे इतक्यांदा पाहिलंय की एखादा चांगलं वाजवत असला तर त्या क्षणी मी त्याला मुद्दाम काही सांगत नाही.

म्हणजे थांबण्याचं कारण मनात होतं. पण पूल का? इथे कारण अगदी घरगुती आहे आणि मला तेच सगळ्यांत आवडतं. रॉलिन्स मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटवरच्या एका घरात राहत होता. शेजारी एक बाई गरोदर होती. आपल्या वाजवण्याचा तिला आणि बाळाला त्रास होईल, हे त्याला सहन होईना. एक दिवस डिलॅन्सी स्ट्रीटवरून चालताना त्याला पुलावर चढणारा जिना दिसला. वर गेला तर पादचारी मार्ग जवळजवळ मोकळा. खाली ईस्ट रिव्हर, बाजूला मोटारी आणि धडधडत जाणारी सबवे गाडी, पलीकडे ब्रुकलिन. कितीही जोरात फुंकलं तरी तक्रार करणारं कोणी नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सॅक्सोफोनवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ट्रम्पेटला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं साधन, लावता येतो, व्हायोलिनलाही लावता येतो. सॅक्सोफोनला त्याचा उपयोग नाही, कारण आवाज फक्त खालच्या भोंग्यातून येत नाही, जी जी भोकं उघडी आहेत त्यांतून येतो. भोंग्यात टॉवेल कोंबला तर अगदी खालचे दोन-तीन स्वर तेवढे बिघडतात, वरचे तसेच खणखणत राहतात. मग माणूस काय करतो? दबक्या फुंकेने वाजवतो. आणि वर्षभर दबक्या फुंकेने रियाज केला की मंचावर मोठी फुंक मारताना सूर हलतो, रीड (तोंडाशी असलेली, कंप पावणारी वेताची पट्टी) चीं करते, गळा आवळतो. ही चोरटी सवय मोडायला शिकवणाऱ्याचा जीव जातो. आमच्याकडे पोरं गच्चीवर जातात, टेकडीवर जातात, गाडीत काचा लावून वाजवतात.

पुलावर आणखी एक गोष्ट मिळते. खोलीत भिंती आवाज परत देतात, त्यामुळे आपला सूर आहे त्यापेक्षा भरदार वाटतो. उघड्यावर काहीच परत येत नाही. जेवढं तुम्ही दिलंत तेवढंच, आणि तेही वारा घेऊन जातो. अशा ठिकाणी सूर भरायचा तर पोटापासून हवा लावावी लागते. मी विद्यार्थ्यांना एक प्रयोग करायला लावतो. अगदी खालच्या बी फ्लॅट या स्वराची बोटं धरायची, सगळ्या पट्ट्या बंद. आता बोट न हलवता, फक्त गळ्याचा आणि जिभेचा आकार बदलत त्याच नळीतून वरचे स्वर काढायचे: आधी वरचा सा, मग त्याच्यावरचा प, मग पुन्हा सा, मग ग. खोलीत हे कसंबसं जमतं. उघड्यावर पहिल्या दिवशी प पर्यंतही पोचता येत नाही. जमलं की मग तुमचा मधला साधा सूरसुद्धा बदलतो, त्याला बुंधा येतो.

तो तिथे दिवसदिवस, कधी १५-१६ तास वाजवत असे, हिवाळ्यातसुद्धा. थंडीत वाद्यातली हवा गार असते, सूर उतरतो, आणि ओठाने तो सावरत राहावा लागतो. नदीतल्या बोटींच्या भोंग्यांना तो सॅक्सोफोनवरून उत्तर द्यायचा. सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणारा स्टीव्ह लेसी कधी कधी सोबत जायचा. घरी हार्मनीचा अभ्यास आणि पियानो चालू होता, व्यायाम चालू होता, सिगारेट सोडली होती. त्याच्या वह्या आणि कागदपत्रं आता न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉम्बर्ग संशोधन केंद्रात आहेत. बोटं कशी ठेवायची, ओठांची पकड, श्वास, खाणंपिणं, स्वतःला घालून दिलेली शिस्त, असं सगळं त्याने लिहून ठेवलंय. अशी टिपणं विश्रांतीला गेलेला माणूस करत नाही.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवं: लूसिल. पुढे त्याची पत्नी आणि नंतर व्यवस्थापक झालेली. या दोन वर्षांत ती नोकरी करत होती आणि घर तिच्या पगारावर चाललं. पुलाची गोष्ट सांगताना लोक सूर्यास्त आणि एकटा कलावंत रंगवतात, भाडं कोणी भरलं ते सांगत नाहीत. माझ्या मते हे या काळातलं सर्वांत महत्त्वाचं कारण आहे, थांबण्याचं नव्हे, पण थांबता येण्याचं. तितकंच मोठं दुखणं मनात घेऊन दर शनिवारी वाजवत राहिलेले कितीतरी असतील, कारण सोमवारी दूधवाल्याचे पैसे द्यायचे असतात.

१९६१ साली राल्फ बर्टन नावाच्या लेखकाला तो पुलावर वाजवताना सापडला आणि 'मेट्रोनोम' मासिकात ते छापून आलं. बर्टनने वादकाचं नाव बदललं आणि पूलही ब्रुकलिनचा सांगितला, त्याचा एकांत मोडू नये म्हणून. तरी बातमी फुटलीच. नोव्हेंबर १९६१ मध्ये रॉलिन्स जॅझ गॅलरी या क्लबात परत वाजवायला लागला आणि १९६२ मध्ये 'द ब्रिज' ही तबकडी आली. अनेक समीक्षक हिरमुसले. दोन वर्षं गायब झालेला माणूस काहीतरी उलथापालथ करून येईल अशी त्यांची अपेक्षा, आणि हा तर ओळखीचीच गाणी ओळखीच्या ढंगात वाजवत होता. पण तो नवी शैली शोधायला गेलाच नव्हता, तो सूर पक्का करायला गेला होता. त्या कसोटीवर 'द ब्रिज' ऐकलं तर निराश व्हायचं कारण उरत नाही.

सगळ्यांची अनुपस्थिती एका मापाने मोजू नये, म्हणून दोन उदाहरणं देतो. पियानोवादक थेलोनियस मंक १९५१ ते १९५७ न्यूयॉर्कच्या क्लबांत दिसला नाही, तो पोलिसांमुळे. तिथे दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांकडून कॅबरे कार्ड नावाचा परवाना घ्यावा लागे. पियानोवादक बड पॉवेलसोबत गाडीत असताना अमली पदार्थ सापडले, मंकने कोणाचं नाव घेतलं नाही, आणि त्याचं कार्ड गेलं. वाजवायची इच्छा आणि ताकद दोन्ही असलेला माणूस सहा वर्षं आपल्याच शहरात बंद. माइल्स डेव्हिस १९७५ ला थांबला तो शरीर मोडलं म्हणून: कंबरेचं हाड, सिकल सेलचा आजार, वर कोकेन. त्याने काही वर्षं ट्रम्पेटला जवळजवळ हातच लावला नाही, आणि १९८१ साली परतला तेव्हा ओठ पुन्हा घडवायला त्याला फार कष्ट पडले. रॉलिन्स मंचापासून लांब होता, वाद्यापासून एक दिवसही नाही. वादकाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

रॉलिन्स पुढेही थांबला, आणि त्या वेळी कारण वेगळं होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीला तो संगीताच्या धंद्याला विटला होता. त्याच सुमाराला तो आपल्या मुंबईत आला आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिला. योग आणि वेदान्त शिकायचा म्हणून आलेल्या या माणसाला डोळे मिटून बसणं जमेना, मन भटकायचं. तिथल्या स्वामींनी त्याला सांगितलं की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान आहे, हे तो नंतर मोठ्या कृतज्ञतेने सांगत असे. १९७२ साली त्याची नवी तबकडी आली, आणि १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा तो इथे वाजवायला आला. पवईत गेलेल्या दिवसांचा आणि त्यानंतर चाळीस वर्षं न थांबता वाजवण्याचा संबंध आहे, असं मी मानतो. एकदा वाजवणं हीच साधना ठरली की मंच सोडून ती शोधायला जावं लागत नाही.

२०१२ नंतर तो वाजवू शकला नाही. फुप्फुसांच्या फायब्रोसिसने श्वासच काढून घेतला. वाद्य ठेवून देणं त्याला फार जड गेलं, हे त्याने उघडपणे सांगितलंय.

शिकणाऱ्याने असं थांबावं का, तर माझं उत्तर नाही असं आहे. रॉलिन्स अठराव्या वर्षी बड पॉवेलच्या ध्वनिमुद्रणात वाजवत होता, आणि पुलावर गेला तेव्हा त्याच्यामागे मंक, माइल्स, मॅक्स रोच यांच्यासोबतची दहा वर्षं होती. काय कच्चं आहे हे त्याला मंचानेच दाखवलं होतं. ते अजून दिसलंच नसेल तर एकांतात जाऊन तुम्ही आहेत त्याच चुका आणखी घट्ट कराल. मिळेल तिथे वाजवा, आणि एका वहीत दर कार्यक्रमानंतर नेमकं काय जमलं नाही ते लिहा. त्याचबरोबर आठवड्यातून निदान दोनदा अशी जागा गाठा जिथे पूर्ण फुंक मारता येईल.

आणि फरक कानाने पडताळून बघा. नोव्हेंबर १९५७ मध्ये व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबात केलेलं त्रिकुटाचं वादन आधी ऐका, मग 'द ब्रिज'. वेगवान जागा सोडा, पहिल्यात खालचे स्वर कुठे तुटक होतात तेवढंच बघा. मग 'द ब्रिज'मधलं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' लावा. जिम हॉलची गिटार अगदी हलक्या हाताने साथ करतेय, लय संथ आहे, आणि रॉलिन्स तसाच खालचा स्वर हळू आवाजात धरून शेवटपर्यंत नेतो. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा भाग येत नाही.